कुत्र्यांच्या परवान्यांचा गठ्ठा

आमच्या नगरपालिकेच्या दप्तरखान्यात एक गृहस्थ चौतीस वर्षं बसले. पाटीवर ‘दप्तरी’ लिहिलेलं होतं, पण गावात त्यांना सगळे ‘सापडेल’ म्हणायचे. आजोबांच्या जन्माची नोंद मागा, घराचा जुना नकाशा मागा, बुजवलेल्या विहिरीचा ठराव मागा, हे मान वर न करता म्हणायचे, ‘‘सापडेल.’’ आणि सापडायचं. अर्ध्या तासात, फार तर दुसऱ्या दिवशी. लोक थट्टेने म्हणायचे, यांच्याकडे हरवलेली अक्कल मागितली तरी हे शिडी लावून वर चढतील.

माझा छापखाना आहे. पावत्या, पत्रिका, मतदारयाद्या छापून पोट भरलं आणि वर गावाचा इतिहास लिहायची खाज. शाळेत इतिहासात मी दोनदा काठावर पास झालेला माणूस, पण चाळिशीनंतर मला जुन्या कागदांनी धरलं. रोज दुपारी मशीन कामगारांवर सोपवून मी दप्तरखान्यात जायचो. बायको म्हणायची, ‘‘तिथे एक बिछानाच टाका ना.’’

दप्तरखाना म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. दोन खिडक्या, त्यातली एक कायमची बंद. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे. लाल कापड म्हणजे कायम जपायचे कागद. हिरवं म्हणजे तीस वर्षं. पांढरं म्हणजे पाच वर्षं, मग यादी करून कागद गिरणीला लगदा करायला पाठवायचे. हे दप्तरींनी मला तीनदा तरी समजावून सांगितलं असेल. मी दर वेळी मान डोलावली होती. माझं सगळं लक्ष लाल गठ्ठ्यांवर असायचं.

माणूस शिस्तीचा, पण रूक्ष नव्हता. कागदाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला ते सरळ बाहेर काढायचे, मग तो नगराध्यक्षाचा मेहुणा का असेना. खरोखरच एकदा काढला होता. मेहुणा तणतणत मुख्याधिकारी साहेबांकडे गेला, तर हे मागून ओली चिंधी घेऊन गेले आणि म्हणाले, ‘‘बोट भिजवायला ही घ्या. जीभ भाषणाला राहू दे.’’ फाटकी पानं ते स्वतः सांधायचे. पातळ कागद, पिठाची खळ, एक बोथट सुरी. हे काम नोकरीत बसत नव्हतं. म्हणून ते फाटक्या फायली पिशवीत घालून घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. हे नियमाविरुद्ध होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पिशवीतून एक चिटोरं कधी हरवलं नाही.

एका लाल गठ्ठ्यात मला साथीच्या छावणीची फाइल मिळाली. म्हणजे मिळवून दिली दप्तरींनीच. नव्वद वर्षांपूर्वी गावात साथ आली, तेव्हा आजारी माणसांना गावाबाहेरच्या माळावर तंबूंत ठेवलं होतं. तिथल्या आरोग्य निरीक्षकाने रोजची नोंद ठेवली होती. कोण आलं, कोण बरं होऊन गेलं, कोण तिथेच गेलं. एकशे बारा पानं, दोनशे एक्केचाळीस नावं. काही नावांपुढे बारीक अक्षरात एखादी ओळ असायची. ‘आईला निरोप हवा.’ ‘चप्पल एकच सापडली.’ मी ती वाचून घरी आलो तर जेवण गेलं नाही. माझ्या पुस्तकाचं हृदय मला सापडलं होतं, आणि खरं सांगतो, त्या दोनशे एक्केचाळीस माणसांपेक्षा मला माझ्याच पुस्तकाचा जास्त उमाळा आला.

पंधरा दिवसांनी दप्तरींच्या टेबलावर एक पत्र उघडं पडलेलं दिसलं. शहरातल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंचं. त्या साथींच्या इतिहासावर काम करत होत्या आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला छावणीची फाइल बघायला येणार होत्या.

‘‘चांगलं झालं की नाही?’’ दप्तरी म्हणाले. ‘‘तुमच्याशिवाय कुणालातरी तिची किंमत आहे. त्या यायच्या आत पहिली वीसेक पानं सांधून ठेवतो. बाईंच्या हातात चिंध्या कशाला?’’

मी ‘‘वा वा’’ म्हणालो आणि आत जळून गेलो. बाई शिकलेल्या, त्यांच्या मागे कॉलेज, त्यांचा लेख चार महिन्यांत कुठेतरी येणार. माझं पुस्तक अजून निम्मंही झालं नव्हतं. मग लोक म्हणणार, प्रेसवाल्याने बाईंचं वाचून लिहिलं.

त्या संध्याकाळी मी फाइल परत केली. दप्तरींनी वहीत माझ्या नावापुढे ‘परत आली’ अशी खूण केली, फाइल सांधायच्या ढिगावर ठेवली आणि मागची खिडकी लावायला गेले. माझ्या उजव्या हाताशी पांढऱ्या कापडाचा एक गठ्ठा होता. वर चिठ्ठी, ‘कुत्र्यांचे परवाने’. कुत्री पाळणाऱ्यांनी भरलेले अर्ज. माझ्या मनात आलं, हा गठ्ठा जगात कोण उघडणार? गाठ सोडली, फाइल मध्ये सरकवली, गाठ मारली. खिडकीची कडी लागायच्या आत मी चपला घालत होतो. चोरी अशी मी केलीच नव्हती, बरं का. फाइल त्याच खोलीत होती. बाई येऊन गेल्या की मी ती काढून गुपचूप ढिगावर ठेवणार होतो. मन कसं वकील असतं ते मला त्या दिवशी कळलं. फी न घेता माझी बाजू लढवत होतं.

दुसऱ्या दिवशी निवडणूक जाहीर झाली. मतदारयाद्यांचं काम माझ्याकडे आलं आणि तीन आठवडे मला मान वर करायला फुरसत नव्हती. त्याच आठवड्यात दप्तरींची बायको इस्पितळात दाखल झाली. चौतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा सलग रजा घेतली. पंधरा दिवस ते तिच्या खाटेशेजारच्या बाकावर बसून होते. मी एकदा भेटायला गेलो होतो. पिशवी सोबत होती, खळीची वाटी बाकाखाली होती, आणि ते वहिनींना अर्ध्या आवाजात गावातल्या गमती सांगत होते. वहिनी हसायचा प्रयत्न करत होत्या. पंधराव्या दिवशी त्या गेल्या.

ते कामावर परत आले तेव्हा महिना संपत आला होता. एक तारखेला प्राध्यापक बाई आल्या. दप्तरी म्हणाले, ‘‘बसा, आणतो.’’ ढिगात फाइल नव्हती. लाल गठ्ठ्यात नव्हती. शेजारच्या गठ्ठ्यात नव्हती. बाई तीन दिवस थांबल्या. तिसऱ्या दिवशी दप्तरींनी मला निरोप पाठवला, ‘‘प्रेसवाले, जरा या. ती फाइल शेवटची तुम्ही पाहिलीत.’’

मी गेलो. मला सोय दिसत होती. शोधायचं नाटक करायचं, गठ्ठा उघडायचा, ‘अरे, ही इथे कशी?’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी त्या मांडणीशी गेलो. खालचे तीन खण रिकामे होते. पुसून काढलेले.

‘‘इथले गठ्ठे?’’ मी विचारलं.

‘‘पांढरे होते. मुदत संपलेली. यादी मी रजेच्या आधीच मंजूर करून ठेवली होती. मी नव्हतो तेव्हा मदतनीस कारकुनाने गिरणीच्या गाडीत भरून दिले,’’ ते म्हणाले आणि परत लाल गठ्ठ्यांकडे वळले. ‘‘तिथे काय बघता? ती कुठे पांढऱ्यात जाणार?’’

तेव्हा बोलायला हवं होतं. बाई तिथे होत्या, कारकून तिथे होता, मी तोंड उघडलं असतं तर फार तर माझी छी थू झाली असती. मी म्हणालो, ‘‘हो, ते खरंच.’’ आणि त्यांच्याबरोबर संध्याकाळपर्यंत शोधत राहिलो. घामाघूम झालो. त्यांनी मला पाणी आणून दिलं. बाई रिकाम्या हाताने गेल्या. म्हणतात ना, सुंठीवाचून खोकला गेला. इथे सुंठ मीच उगाळली होती, एवढाच फरक.

त्यानंतर दप्तरींनी जे केलं ते मला आजही सहन होत नाही. त्यांनी स्वतःची उलटतपासणी घेतली. वहीत त्यांच्याच हाताची खूण होती, फाइल परत आली. म्हणजे वाचकाचा दोष नाही. मग फाइल ढिगावर होती. ढिगातल्या काही फायली त्यांनी पिशवीत घालून इस्पितळात नेल्या होत्या. नेमक्या कोणत्या, ते त्यांना आठवेना. बायको जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं, तेव्हा कोणाला काय आठवणार? म्हणजे तीच नेली असणार. म्हणजे तिथेच राहिली. ते इस्पितळात गेले. वॉर्डात विचारलं, कोठारात विचारलं, झाडूवाल्या बायकांना विचारलं. ज्या बाकावर बसून बायकोला जाताना पाहिलं, त्या बाकाखाली वाकून त्यांनी फाइल शोधली. एकदा नाही, कित्येक आठवडे.

मग साहेबांना लिहून दिलं, फाइल माझ्या हातून इस्पितळात गहाळ झाली. चौकशी झाली. सेवापुस्तकात ठपका बसला. चौतीस वर्षांत तेवढा एकच, आणि तोही निवृत्तीला दहा महिने असताना. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, ‘‘एक गोष्ट सोडली तर...’’ आणि सगळ्या सभागृहाला ती एक गोष्ट कळली. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या वाजवल्या.

माझं पुस्तक त्यानंतर वर्षाने आलं. छावणीचं प्रकरण सगळ्यांना आवडलं. मी त्रेचाळीस नावं उतरवून घेतली होती, तेवढीच आज जगात आहेत. उरलेल्या एकशे अठ्ठ्याण्णव माणसांचा लगदा झाला. आणि प्रकरणाच्या शेवटी बारीक टायपात मी एक तळटीप टाकली, ‘मूळ फाइल दप्तरखान्याच्या निष्काळजीपणामुळे आता उपलब्ध नाही.’ का टाकली? अभ्यासू दिसावं म्हणून. कोणी मूळ कागद मागू नये म्हणून. चोर तो चोर आणि वर शिरजोर. ती ओळ जुळवताना माझा हात थांबला होता, हे मला आठवतं. मग परत चालू झाला, हेही आठवतं.

तेव्हापासून अकरा वर्षं गेली. अधूनमधून कोणीतरी प्रेसमध्ये येतं. आमचे पणजोबा छावणीत गेले म्हणे, नाव आहे का बघा. मी यादी बघतो. बहुतेक वेळा नसतं. ‘‘काय करणार, फाइलच गेली,’’ असं म्हणतो. लोक म्हणतात, ‘‘सापडेलने घालवली ना?’’ मी मशीनचा वेग वाढवतो, म्हणजे आवाज वाढतो. ‘खाई त्याला खवखवे’ असं आई म्हणायची. मला खवखवत होतं, पण खोकायची हिंमत नव्हती.

मागच्या महिन्यात पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. बातमी गावभर झाली. आठवड्याने दप्तरी स्वतः प्रेसमध्ये आले. आता सत्तरीच्या पुढे, एका डोळ्याने कमी दिसतं, मुलगी हात धरून आणते. मुलगी त्यांच्याजवळच राहते, शाळेत शिकवते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

‘‘एवढं तळटिपेच्या जागी छापा,’’ ते म्हणाले. ‘‘दप्तरखाना म्हणू नका. दप्तरखान्याची काही चूक नव्हती. माणसाची होती.’’

कागदावर त्यांचं तेच सरळ अक्षर होतं, आता थोडं थरथरलेलं. ‘ती फाइल मी, त्या वेळचा दप्तरी, घरगुती अडचणीत मन नसल्यामुळे हरवली. त्यातल्या दोनशे एक्केचाळीस माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची मी क्षमा मागतो.’ खाली सही.

‘‘कुठला टाइप लावाल?’’ त्यांनी विचारलं. ‘‘फार बारीक नको. म्हाताऱ्या लोकांना वाचता आलं पाहिजे.’’

मी ‘‘बघतो’’ म्हणालो. ते गेल्यावर कामगाराला म्हटलं, मशीन बंद कर. त्याने विचारलं, काय बिघडलं? मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय. दोन दिवस तो कागद गल्ल्याखाली होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो घेऊन त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर. ते खिडकीशी खुर्चीवर बसले होते. मुलगी आत वह्या तपासत होती. मी बसलोसुद्धा नाही. उभ्यानेच सांगून टाकलं, ‘‘दप्तरी, ती फाइल तुम्ही हरवली नाहीत. मी लपवली होती. बाईंना मिळू नये म्हणून. ती लगद्यात गेली.’’

ते हसले. अगदी प्रेमाने हसले.

‘‘प्रेसवाले,’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही भले माणूस आहात हे मला ठाऊक होतं. पण इतकं? माझ्यासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासायला निघालात?’’

‘‘अहो, खरं सांगतोय!’’

‘‘खरं काय ते वहीत आहे. माझ्या हाताची खूण आहे. नका उगाच जिवाला त्रास करून घेऊ. बसा, चहा घ्या. अगं, प्रेसवाले आलेत!’’

मी किती वेळा सांगितलं असेल? ते ऐकतच नव्हते. उलट जितकं मी सांगावं, तितका मी त्यांना मोठा वाटत होतो. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. शिव्या घालणाऱ्यापुढे माणूस उभा राहू शकतो. पाठ थोपटणाऱ्यापुढे नाही राहता येत. मी कागद खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बाहेर पडलो.

फाटकाशी मुलीने गाठलं. लाल पेन अजून हातात होतं.

‘‘काका, थांबा. त्यांना नाही पटलं. मला पटलंय.’’

मी फाटकाची कडी परत लावली.

‘‘फाइल गेली ती गेली,’’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होतं. ‘‘ठपका बसला, तोही जाऊ दे. पण आईचा विषय काढला ना, की बाबांना फाइल आठवते. तिचे शेवटचे पंधरा दिवस ते तिच्याजवळ होते, आणि त्यांना वाटतं, तिथे बसलो म्हणून कामात कुचराई झाली. तेरा वर्षं आईजवळ बसल्याची लाज वाटून घेतायत हो ते! तुम्ही एकदा बोलून मोकळे झालात. चला आत. पटेपर्यंत सांगायचं.’’

मी परत आत गेलो. या वेळी बसलो. ती दारात उभी राहिली. मी त्यांना, त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. ‘‘दप्तरी, डावीकडची तिसरी मांडणी. खालून दुसरा खण. पांढरं कापड. कुत्र्यांचे परवाने. तुम्ही मागची खिडकी लावायला गेलात तेव्हा मी गठ्ठ्याच्या मधोमध घातली.’’

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, पण डोळे हलले.

‘‘कुत्र्यांचे परवाने,’’ ते म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘गिरणीची वजनाची पावती आली होती,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘मी रजेवरून आल्यावर फाइलला लावली. गठ्ठ्यागणिक वजन असतं त्यात. परवान्यांचा गठ्ठा तीन किलोचा. मी स्वतः बांधला होता. पावतीवर पावणेचार होता. मला वाटलं, भिंतीला ओल आहे, कापड दमट झालं असेल.’’ बोलता बोलता त्यांनी हात उचलला आणि पंज्यावर काहीतरी तोलून बघावं तसा हलवला. ‘‘पाऊण किलो. एकशे बारा पानं, पुठ्ठ्यासकट. बरोबर.’’

हात तसाच अधांतरी राहिला. मी वाट बघत होतो. ओरडतील, चालते व्हा म्हणतील, निदान ‘का’ असं विचारतील. मला ते हवं होतं, कबूल करतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दाराकडे पाहिलं.

‘‘अगं,’’ ते मुलीला म्हणाले, ‘‘म्हणजे पिशवीत ती नव्हतीच. मी तिथे नुसता तिच्याजवळ बसलो होतो.’’

‘‘हो बाबा.’’

‘‘नुसता बसलो होतो,’’ ते परत म्हणाले, आणि रडायला लागले. मुलगी त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. त्यांनी तिला विचारलं, शेवटच्या दिवशी तुझी आई काय गं म्हणाली होती, मला नीट आठवत नाही, मी तेव्हा दुसऱ्याच विचारात होतो असं वाटायचं. ती सांगायला लागली. ते ऐकत होते.

मी उठलो. कोणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी दार हळूच ओढून घेतलं आणि प्रेसला गेलो, तळटिपेच्या जागी हे सगळं जुळवायला.